दसऱ्याची बोटं

घरोघरी टीव्ही गेम आले आणि सत्त्याण्णव साली गेणूचं इंदापूर स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान बसलं. शेवटचं लाकडी मशीन बारामतीच्या गिऱ्हाइकानं घेतलं, पण नव्यासारखं करून मागितलं.

"नवं पायजे म्हणं लेकाला!" करवादत गेणू सकाळपासून पॉलिश पेपर मारत होता. पोरांनी कोरलेली नावं गेली. नाणं टाकायच्या फटीवरचा डागही त्यानं रागारागानं खरवडला. तळहातावर लाल भुसा उतरला, तेव्हा कुठं त्याचा हात थांबला. दर दसऱ्याला त्याची बायको बानूबाई तिथंच कुंकवाची बोटं ओढायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मामा, हात धुवा, भाकरी वाढलीय," सून म्हणाली.

गेणूनं उजवी मूठ मिटली आणि डाव्या हातानं भाकरी मोडली.