तोंडावर हात

शशिकलाबाईंच्या सुनेने, ऋजुताने, घरात नवा खेळ काढला होता. शनिवारी शमिकाचा नर्सरीचा इंटरव्ह्यू, तोवर घरात मराठी बंद. चुकून मराठी शब्द आला की तोंडावर हात ठेवायचा. चार वर्षांची पोर इमानेइतबारे हात ठेवायची. पंचाईत झाली ती आजीची. शशिकलाबाईंचं इंग्रजी म्हणजे कम, ईट, स्लीप! तेवढं संपलं की आजी-नात नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. म्हणे मॉडर्न व्हायचंय! इंग्रज गेला म्हणतात, मग हा इंटरव्ह्यू घ्यायला कोण बसलंय, असं त्या मनातल्या मनात विचारायच्या. उघड विचारायची सोय नव्हती.

त्या दुपारी मुलगा-सून ऑफिसात. शशिकलाबाईंचा जरा डोळा लागला, आणि उठून बघतात तर शमिका नाही.

"शमिका! कम!"

ओ नाही. पलंगाखाली नाही, पडद्यामागे नाही. बाल्कनीचं दार सताड उघडं. चौथा मजला! कठड्यावरून वाकून त्यांनी खाली वॉचमनला विचारलं, "भैया, बच्ची दिखी क्या?"

"नहीं, अम्माजी."

मागे वळल्या तेव्हा बाथरूममधून गॅस गीझरची घरघर ऐकू आली. दार आतून बंद. गरम पाण्याचा नळ सोडलाय कार्टीने, आणि खिडकीही बंद असणार! मागच्या थंडीत शेजारच्या बिल्डिंगमधली एक बाई अशीच गीझरच्या गॅसने बेशुद्ध सापडली होती.

"शमिका! ओपन! ओपन डोअर!"

दार बडवून बडवून तळहात लाल झाले. आतून चकार शब्द नाही. गेली, माझी पोर गेली, असंच त्यांना वाटलं. जिन्यात जाऊन त्या किंचाळल्या तसा वॉचमन धावत वर आला. त्याने खांदा मारून दार तोडलं.

वाफेत, कोपऱ्यात शमिका उभी होती. धडधाकट होती, पण पार भेदरलेली, आणि तोंडावर हात.

"अगं सोन्या, एवढ्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस?"

तिने आधी आजीच्या मागे डोकावून पाहिलं, मम्मी नाही ना म्हणून. मग कुजबुजली, "कडी अडकली, हे इंग्लिशमध्ये नाही येत मला."

शशिकलाबाईंनी तिला उराशी धरलं आणि ढसाढसा रडल्या. खड्ड्यात गेला तो इंटरव्ह्यू, म्हणाल्या. तेवढ्यात ऋजुताचा फोन आला. "हाय! हाउ इज माय बेबी?"

"ऋजुता, अगं ऐक, आज ही पोर..."

ओल्या हातांनी शमिकाने आजीचं तोंड घट्ट दाबून धरलं.