पाण्यापलीकडला पट

मी खेळायचा पट बोलतोय. नुसत्या सोंगट्यांचा नाही, आणि जत्रेत मिळतो तसाही नाही. माझ्यासारखा दुसरा पट होऊ घातला होता, पण तो झाला नाही. त्याचीच ही हकीकत आहे, आणि ती सांगताना मला स्वतःबद्दलही दोन वाईट गोष्टी सांगाव्या लागतील.

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत, १९७५ सालच्या उन्हाळ्यात, शकुंतलाबाईंच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. शकुंतलाबाईंचे यजमान खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाई भंडाऱ्याच्या, शाळेत चित्रकलेत बक्षीस मिळवलेल्या. त्यांनी मांजरपाटाचे दोन थर एकत्र शिवले आणि त्यावर वाट काढली. धानाची बांधी, मोहाचं जंगल, वाघाची गुहा आणि शेवटी एक मोठा तलाव. तलावाच्या काठावर मी संपतो. तिथं बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्यापलीकडचं दुसऱ्या पटावर’.

माझ्यावर नुसती सोंगटी पुढं सरकवून भागत नसे. खेळणारीला कोणीतरी व्हावं लागे. एक नावाडीण, एक वैदीण, एक कोतवालीण आणि एक चोर. जी जे झाली तिनं तसंच बोलायचं, तसंच वागायचं. दान सहा कवड्यांचं, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढं. चोरानं दर फेरीला एक कवडी लपवायची आणि ती कुठं आहे ते कोतवालिणीनं एकदाच सांगायचं. चुकली तर चोराची फेरी.

आता माझ्यातल्या चुका. वाघ बाईंच्या हातून गाईसारखा उतरला होता. वैदिणीला काही कामच नव्हतं, कारण शेवटच्या चार घरांपर्यंत कोणी आजारीच पडत नसे. आणि सगळ्यात मोठी चूक होडीच्या घराची. होडी सोडायला सात लागतात असं बाईंनी लिहून ठेवलं आणि कवड्या दिल्या सहा.

खेळायला येणाऱ्या खाणीवरच्या बायांत सीताबाई वयानं सगळ्यांत मोठी, ती कायमची नावाडीण. पहिल्याच दिवशी ती होडीच्या घरावर अडकली ती अडकलीच.

“बाई, साहा कवड्यात सात कसे पडतीन वो?” तिनं विचारलं.

शकुंतलाबाई लाजल्या. पण बायांनीच वाट काढली. दुसरीनं आपलं दान नावाडिणीच्या दानात मिळवायचं आणि स्वतः ती फेरी बसून राहायचं. मग कोण बसणार यावरून आर्जवं, रुसवे, टोमणे. दुपार कशी सरे ते कळत नसे.

आठवडी बाजाराच्या दिवशी खाणीवरच्या बायांना सुट्टी असे. दगड निवडून काळी झालेली बोटं माझ्या कडेला अजून उमटलेली आहेत. पुढं पुढं शेजारच्या नाकाडोंगरी गावाहूनही बाया येऊ लागल्या. एकदा आमच्यातल्या ताराबाईनं त्यांना विचारलं, “एवढ्या चुका काढता, मंग एवढ्या उन्हात पायपीट कायले करता?”

“चुका काढायलेच येतो,” त्यातली एक म्हणाली. “दुसरा पट कवा होते ते सांगा.”

ताराबाई कोतवालीण होई. जीभ तिखट, नजर त्याहून तिखट. आणि चोर होई गिरजाबाई.

चोर व्हायला कोणी तयार नसे म्हणून ती झाली होती. खाणीवर दगड निवडणाऱ्या बाया आपापल्या शिदोऱ्या झाडाखाली तिच्याजवळ ठेवून कामाला जात, इतकी ती विश्वासाची. पण माझ्यासमोर बसली की तिची बोटं वेगळीच होत. कवडी अंबाड्यात जाई, पानाच्या डब्यात जाई, एकदा तर ताराबाईच्याच ओच्यात सापडली. ताराबाई हसता हसता म्हणाली होती, “ही बाई खरीखुरी चोर असती तं गावाच्या दाराले कड्या राह्यल्या नसत्या.”

तेव्हा सगळ्या हसल्या. मीही मनात हसलो. ते बोलणं पुढं कुठं जाऊन लागेल हे कोणाला ठाऊक होतं?

१९७९ च्या पावसाळ्यानंतर शकुंतलाबाईंनी खरोखरच दुसरा पट काढायला घेतला. निळ्या रंगात बुडवलेलं लांबरुंद कापड त्यांच्या अंगणात वाळताना सगळ्यांनी पाहिलं. ते तलावाचं पाणी होतं. दिवाळीपर्यंत होईल, असं बाई म्हणाल्या. सीताबाईनं तर जाहीर करून टाकलं, “पल्याड गेल्याबिगर मी मरत नाई.”

मला काय वाटलं ते सांगतो. मला हेवा वाटला. नवा येणार, बिनचुकीचा येणार, आणि मी पेटीच्या तळाला जाणार.

दिवाळी चार दिवसांवर असताना मी पलंगाखालच्या पेटीत होतो. दुपारी स्वयंपाकघरातून कवड्यांचा आवाज आला. दोघीच होत्या, शकुंतलाबाई आणि गिरजाबाई. शब्द कळत नव्हते. कवड्या पडत होत्या, बोलणं मात्र फारसं नव्हतं. मग कवड्या थांबल्या. आणि मग कात्रीचा आवाज. जाड कापडातून कात्री चालते तसा, लांबच लांब.

मी काय समजायचं? गिरजाबाईची बोटं मी ओळखत होतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाया जमल्या. शकुंतलाबाई दारात आल्या, म्हणाल्या, “दुसरा पट होणार नाही. हाच तुम्ही घेऊन जा, कुठंही खेळा.” एवढंच. मला ताराबाईच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवसापासून त्या आमच्यात बसल्या नाहीत.

मी ताराबाईच्या ओसरीवर राहायला गेलो, आणि तिथं खेळापेक्षा शंकाच जास्त रंगल्या. कोणी म्हणे कंपाउंडरसाहेबांना बायकोचा हा नाद पसंत नाही. कोणी म्हणे नागपूरच्या कोण्या दुकानदारानं चित्र मागून घेतलं, आता छापून विकणार. नाकाडोंगरीच्या बायांना वाटलं, आपण वाघाला गाय म्हटलं त्याचा राग आला. एकीनं तर सांगितलं, पट तयार आहे, फक्त साहेबांच्या बायकांसाठी ठेवला आहे.

गिरजाबाई या कशातच बोलत नव्हती. मान खाली घालून कवड्या गोळा करत होती.

ताराबाईनं ते हेरलं. “गिरजा, त्या दिशी तू बाईच्या घरून पदराखाली काय घेऊन जाऊन राह्यली होती वो?”

“काई नाई. जुनं कापड होतं.”

“निळं होतं. मी काठ पाह्यला.”

गिरजाबाईनं कवड्या माझ्यावर ठेवल्या.

“आन दुसऱ्याच दिशी आंधळगावच्या मोटारीत बसली तू. गाठोडं घेऊन.”

“पोरीच्या सासरी गेल्ती. ती बाळातीन हाय.”

“मंग सांग ना बाई, बाईनं देल्लं का तूच घेतलं? साधी गोष्ट हाय.”

गिरजाबाईनं सीताबाईकडं पाहिलं. सीताबाईनं तोंड फिरवलं. “मले बोलता येत नाई,” एवढं म्हणून गिरजाबाई उठली.

बोलता येत नाही म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं. मीही ठरवलं. कात्री मी ऐकली होती ना. जिनं चार वर्षं माझ्यावर चोरी केली, तिला खरी चोरी किती जड जाणार? इतक्या वर्षांत तिनं लपवलेली प्रत्येक कवडी खेळ संपल्यावर जागेवर आलेली होती, हे मला तेव्हा आठवलं नाही.

पुढचं दीड वर्ष तिला कोणी खेळायला बोलावलं नाही. ‘चोराबिगर खेळू’ असं ठरलं. खाणीवर तिच्याजवळची शिदोऱ्यांची जागा रिकामी झाली. बाया लांबच्या झाडाखाली डबे ठेवू लागल्या, आणि ते झाड उन्हात होतं. ती कोणाच्या दारी गेली तर घरातली बाई बोलता बोलता बाहेरची पाण्याची पितळी गडवी आत नेई. तोंडावर मात्र कोणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला ‘नाही’ तरी म्हणता आलं असतं.

एकदा ती ताराबाईच्या ओसरीसमोरून पाण्याला जात होती. खेळ चालू होता. ती थांबली, पाहत राहिली. सीताबाई होडीवर अडकली होती आणि कोणी दान द्यायला तयार नव्हतं.

“माझं घेऊन टाका,” गिरजाबाई रस्त्यावरूनच म्हणाली.

“तू कुठी खेळात हायेस?” ताराबाई म्हणाली.

गिरजाबाईनं घागर सावरली आणि निघून गेली.

१९८१ च्या चैत्रात कंपाउंडरसाहेबांची बदली झाली. सामान बांधायच्या दिवशी बाया शकुंतलाबाईंना भेटायला गेल्या, आणि आठवण म्हणून मलाही सोबत नेलं. शकुंतलाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला, तो वाघ पाहून हसल्या. मग सगळीकडं नजर टाकून विचारलं, “गिरजाबाई नाही आल्या? हल्ली दिसतच नाहीत. नातीत गुंतल्या वाटतं.”

शेवटी ताराबाईच बोलली. “बाई, तुमी आता जाऊनच राह्यल्या तं विचारतो. दुसरा पट तिनंच चोरला ना?”

शकुंतलाबाई तिच्याकडं पाहतच राहिल्या. मग खाली पेटीवर बसल्या.

“पट मी कापला,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं.”

त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या पटात त्यांनी एकही चूक ठेवली नव्हती. वाघ वाघासारखा होता. वैदिणीला पहिल्या घरापासून काम होतं. सातवी कवडी दिली होती. कोणाला दाखवण्याआधी एकदा खेळून पाहावं म्हणून गिरजाबाईंना बोलावलं, कारण त्या खरं बोलतील असं वाटलं. दोघींनी आळीपाळीनं चारी सोंगं घेतली. डाव संपला आणि गिरजाबाई म्हणाल्या, “बाई, लई बेस झाला. पन ह्याच्यात कोनाले कोनाची गरजच नाई पडत. एकटी बसून खेळली तरी चालते.”

“मला फार लागलं ते,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “कारण खेळताना मलाही तेच जाणवत होतं. रात्रंदिवस खपून मी तुमचं भांडणच काढून टाकलं होतं. रागाच्या भरात कात्री घेतली. मग लाज वाटली. मी त्यांना म्हटलं, कोणाला सांगू नका, मीच सांगेन सवडीनं. कापड वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या नातीच्या दुपट्याला दिलं. आणि माझ्यानं सांगणं काही झालं नाही.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यांना काही बोललात का?”

“बोललो नाई,” ताराबाई म्हणाली. ते खरं होतं, आणि तिचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथून त्या सगळ्या सरळ गिरजाबाईकडं गेल्या. मी सीताबाईच्या काखेत होतो. गिरजाबाई अंगणात चिंचा फोडत होती. तिनं उठून पाट मांडले. ताराबाई पाटावर बसली नाही, मातीतच बसली.

“आमचं चुकलं वो माय,” ती म्हणाली. “पन तू एक शब्द काहून नाई बोलली?”

“बाईले शबूद देल्ला होता.”

“दीड वर्स?”

“सांगतलं असतं तं पटलं असतं का तुमाले?” गिरजाबाई चिंचा फोडता फोडताच म्हणाली. “चोर झाली तं खोटं बोलनार, आसंच म्हनल्या असत्या.”

सीताबाईनं मला चिंचांच्या शेजारी अंथरलं. ताराबाई म्हणाली, “आज तू कोतवालीन हो. मी होतो चोर.”

“नको,” गिरजाबाई म्हणाली. “तुले लपवता येत नाई. चोर मीच हाय.” आणि ती थोडी हसली. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या दिवशी तिनं लपवलेली कवडी पहिल्याच फेरीत सापडली. मुठीतच होती, मूठ अर्धी उघडी. दुसऱ्या फेरीतही तसंच. त्यानंतर आजपर्यंत तिला एकदाही कवडी लपवता आलेली नाही. ताराबाई चिडते, “नीट लपव ना वो, खेळाची मजा जाते.” गिरजाबाई म्हणते, “हात जड झाले.” ते हात खाणीवर अजून दिवसभर दगड निवडतात, एकही काळा दगड चुकू देत नाहीत.

आता १९८७ साल चालू आहे. सीताबाई तीन वर्षांपूर्वी वारली. माझी शिवण उसवली आहे, गाईसारखा वाघ आता गाईसारखाही दिसत नाही. मी गिरजाबाईच्याच घरी असतो. तिची नात आठ वर्षांची झाली, सुट्टीत आली की आजीकडून खेळ शिकते. तिचं निळं दुपटं मी पाहिलं. विरलेलं आहे, एका कोपऱ्यात होडीचा शेंडा दिसतो. त्याचा हेवा करायला आता मला जमत नाही.

नव्या येणाऱ्या बाया काठावरची ती ओळ वाचतात आणि विचारतात, दुसरा पट कुठं आहे? मग कोणीतरी डोळे बारीक करून म्हणतेच, “कोनीतरी दाबून ठेवला असन.” अशा वेळी मला ओरडून सांगावंसं वाटतं. पण मी तेव्हा पेटीत बसून कात्री ऐकली होती आणि निकाल देऊन मोकळा झालो होतो. मी कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून तुमच्याजवळ एकच मागणं आहे. खेळ संपला की गिरजाबाई उठते, आणि उठताना सगळ्यांसमोर पदर झाडते. दोन्ही हात उघडे करून दाखवते. तिला कोणी सांगत नाही, कोणी मागत नाही. अंगणातल्या त्या दिवसापासून दर खेळाला तिचं हे असंच चाललं आहे. बाया पाहतात आणि गप्प राहतात. कधी चिखल्याला आलात, तिच्याबरोबर एखादा डाव खेळलात, तर ती पदराला हात घालील तेव्हा तिला म्हणा, राहू द्या बाई.

मला ते म्हणता येत नाही.