अर्धा टँकर

मुक्ताबाईनं एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. नवरा गेल्यापासून सहा वर्षं घर तिनं एकटीनं हाकलं होतं, आणि त्या नादात कुणाचं ऐकून घ्यायची सवय जी मोडली ती मोडलीच. त्यामुळं लेकीच्या, पूजाच्या लग्नादिवशी, भर हळदीच्या गडबडीत, पाण्याचा टँकर येणार नाही असं कळलं तेव्हा ती रडली-बिडली नाही. पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, "हर्षल, पिकअप काढ."

पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. दारातलं लग्न, सकाळी हळद, संध्याकाळी गोरजावर अक्षता, आणि पंगतीला चारशे पान. टँकर होता खिंडीपलीकडच्या आप्पासाहेबांचा. विहीर त्यांची, टँकर त्यांचा, ट्रॅक्टरही त्यांचाच, आणि नेमका त्या ट्रॅक्टरचा क्लच आजच गेला. टँकर नुसताच विहिरीवर उभा होता.

"आई, आपल्या गाडीचं पासिंग दीड टनाचं हाय," हर्षल म्हणाला. "मागं हौद्यात दीड टन माल, बास. त्यो टँकर पाच हजार लिटरचा. पाच टन नुसतं पानी, वर लोखंड येगळंच."

"पान्याला कसलं रे वजन?"

आता काय म्हणावं! जिनं बावीस वर्षं डोक्यावर दोन आणि कमरेला एक असे हंडे वाहिले, जिची मान आजही डावीकडं पुरती वळत नाही, तिनं हे बोलावं! पण मुक्ताबाईच्या लेखी वजन पितळी हंड्याचं होतं. पाणी आपलं आत बसलेलं.

"आन स्लॅबच्या कामाला मिक्सर ओढत न्हाईस का तू?" तिनं पुढं चालवलं. "त्यापायी तर मागं हूक बसवून घेतलास. तवा न्हाई आडवं आलं तुझं पासिंग!"

"मिक्सर टनाच्या आत हाय गं. आन ओढायचं कुनी म्हनतंय? ओढंल गाडी. पर उताराला आडवायचं कसं? टँकरला बिरेक नसतो. ट्रॅक्टर जड, चाकं मोठी, त्यो दाबून धरतो. आपली गाडी रिकामी, हलकी. ती मागच्याला धरायची का मागचा तिला ढकलायचा?"

"लग्नात पान्यावाचून पंगत उठली, आसं म्हनायचं का गावानं? बहिनीची लाज तुलाच न्हाई, तर मी कुनाला सांगू?"

मग तोड मुक्ताबाईनंच काढली. टँकर अर्धाच भरायचा. अर्धं पाणी, अर्धं वजन, दोन खेपा करायच्या. हाय काय आन न्हाई काय!

विहिरीवर मोटार चालू करताना आप्पासाहेबांनी एकदा तोंड उघडलं. "मुक्ताबाई, अर्ध्यात पानी हिंदकळतं. भरल्याला निदान जागा नसती हालायला. मी म्हनतो, उद्याच्याला..."

"उद्या काय लगीन लागायचंय? आप्पासाहेब, तुमचा ट्रॅक्टर बसला, आता तुमी बी बसा निवांत."

असं म्हणून बाई केबिनमध्ये डाव्या अंगाला चढून बसली. पोरानं अर्ध्या वाटेवर कच खाऊ नये, म्हणून स्वतः बसली. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

खिंडीचा चढ पिकअपनं पहिल्या गिअरमध्ये काढला. इंजिन कण्हलं, पण माथा आला. मुक्ताबाईचा चेहरा फुलला.

"बघ! उगा भीती घालत हुतास मला."

हर्षलनं गिअर पहिलाच ठेवला, ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी उताराला लावली.

पहिली ढुसणी बसली तेव्हा मुक्ताबाईला वाटलं, मागून कुणीतरी धडकलं. वळून बघितलं तर मागं फक्त टँकर. दुसरी ढुसणी आणखी जोरात बसली. ब्रेक दाबला की टँकरमधलं पाणी धावत पुढं यायचं आणि आख्खी पिकअप पुढं लोटायचं. ब्रेक सोडला की पाणी मागं जायचं आणि गाडी मागून शेपटासारखी हलायची. मागची चाकं खडीवर नुसती फरफटत होती. जळका वास सुटला. मग गिअर खाडकन बाहेर आला, आणि परत पडेना.

"हर्षल, थांबव की रं!"

"थांबत न्हाई, आई."

इतकं साधं बोलला तो. पोरगा ओरडला असता तर बरं वाटलं असतं तिला.

शेवटचं वळण गेलं आणि समोर मांडव दिसला. मांडव रस्त्यावरच घातला होता, कारण दारात चारशे माणूस मावत नव्हतं. रस्ता काय कुणाच्या बापाचा, असं तीच म्हणाली होती. मांडवाच्या तोंडालाच पाटावर पूजा बसलेली, पिवळीधमक. भोवती पंधरा-वीस बाया, लेकरं. स्पीकर एवढा मोठा लावलेला, की हर्षल हॉर्न दाबून धरत होता आणि एकही मान वळत नव्हती. देवा, एकही नाही! मुक्ताबाईनं खिडकीतून लेकीला हाक मारली, तीही त्या आवाजात विरून गेली.

"आई, समोरची दांडी धर. घट!"

आणि त्यानं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. उजवीकडं डोंगर कापून केलेला मुरमाचा कडा होता. गाडी त्याला घासत, खरवडत गेली. काच फुटली, पत्रा किंचाळला, मागचा टँकर आडवा फिरला आणि कलंडला. मांडवाच्या पहिल्या खांबापासून बारा-पंधरा पावलांवर सगळं थांबलं. थांबलं नाही ते पाणी. ते लोंढ्यानं मांडवात घुसलं, हळदीचं ताट, पाट, चपला उचलून घेऊन गेलं. बाया किंचाळत बाजूला पळाल्या. मांडवात कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मुक्ताबाईच्या केसांत काचा होत्या, बाकी अंगाला धक्का नव्हता. तिच्या बाजूचं दार नेहमीसारखं उघडलं. हर्षलचं दार मात्र त्याच्या मांडीपर्यंत आत आलं होतं.

तिचा भाऊ छगन आणि मांडववाले पहारी घेऊन धावले. दार उचकटून हर्षलला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. शुद्धीवर होता तो. अंगभर हळद लागलेली पूजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि रडायला लागली. कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावला. मुक्ताबाई जवळच उभी होती, ओल्या रस्त्यावर, अनवाणी.

छगनमामा घाबरला की रागावतो. "येडा का काय तू? उजवीकडं कड्यात कशाला घातलीस? डाव्या अंगाला मातीची उथळ चारी व्हती की! उतरवली असतीस तिच्यात, तर गाडी नुसती डावीकडं कलंडली असती. तू वरच्या अंगाला ऱ्हायला असतास, काय सुदीक झालं नसतं तुला!"

हर्षलनं डोळे मिटले होते. "कलंडली असती, मामा. पर आईवर."

स्पीकर कधीच बंद झाला होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मुक्ताबाई पोराच्या पायाशी खाली बसली. तिनं पोराचा धड राहिलेला पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि सोडेना.

छगनच्या खिशातला मोबाईल वाजला. नवऱ्या मुलाकडची मंडळी पाथर्डीपर्यंत आली होती. त्यानं फोनवर हात झाकला. "आक्का, काय सांगू त्यांना? पोराच्या हातनं गाडी सुटली म्हनू का?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. आवाज चारचौघांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "त्यानं नगं म्हनलं हुतं, मी ऐकलं न्हाई. आसंच सांग त्यास्नी."