उलट्या हाताची चटई

दहिवलीच्या त्या घरात धाकटी सून आली ती बोटीवरून. देवेश क्रूझच्या बोटीवर जेवण वाढायच्या कामाला होता. तिथंच खोल्या आवरणारी मारिटेस त्याला भेटली आणि घरी कळलं तोवर दोघांचं रजिस्टर लग्न होऊनही गेलं होतं. सासू सोनुबाईनं आधी चार दिवस तोंड फिरवलं. मग सून दारात उभी राहिल्यावर थोरल्या सुनेला, हर्षलाला, हळूच विचारलं, "भात खाते का गं ही?"

"दोन टाईम."

"आन् मासली?"

"मासलीबिगर घास उतरत नाय म्हनं."

"मंग आपलीच हाय. ओवाळ तिला."

फिलिपिन्स नावाचा देश कुठं आहे हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बेटांचा देश, चारी बाजूंनी समुद्र, एवढं देवेशनं सांगितलं. मारिटेसची मेरी झाली. तिनं मराठी नवऱ्याकडून उचलली, त्यामुळे जावेलाही ती देवेशसारखीच "वयनी" म्हणू लागली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हर्षलानं काही तिला दुरुस्त केलं नाही. देवेश बोटीवर परत गेला की ही पोर कुणाच्या जिवावर राहणार होती? कर्जतच्या बाजारात कुणी "चिनी हाय का गं?" म्हणून बघत राहिलं, की हर्षला तिचा हात धरायची आणि म्हणायची, "माजी जाव हाय. तुजी कुठं हाय?"

पावसाळा सरल्यावर दोघी भात बघायला गेल्या तेव्हा मेरी बांधावर एकाएकी थांबली. पाण्याच्या कडेला लव्हाळा माजला होता. शेतकरी ज्याला शिव्या देत उपटतो, तोच. मेरीनं एक काडी तोडली, तिच्यावरून नख ओढलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आईच्या गावात, समार बेटावर, असल्याच गवताच्या चटया विणतात. काड्या वाळवायच्या, रंगात उकळायच्या, मग विणायच्या. काडी सुकी असली तर मोडते म्हणून तिथल्या बायका डोंगरातल्या गार गुहेत बसून विणतात. चटया विकून आईनं तिला हॉटेलचं शिक्षण दिलं, पण विणायला कधी बसवलं नाही. हात खराब होतील, म्हणाली. शीक आणि इथून जा.

"मंग तुला येतच नाय?" हर्षलानं विचारलं.

"नाय, वयनी. मला फक्त झोपायला येते त्यावर."

शिकली ती हर्षलाच. नहाणीच्या मागच्या ओलसर पडवीत ती बसायची, समोर फोन डालड्याच्या डब्याला टेकवलेला, आणि फोनमध्ये मेरीची आई. तिला सगळे नानाय म्हणायचे, म्हणजे आईच. पहिले काही दिवस मेरीनं मध्ये बसून इकडचं तिकडं केलं. मग कंटाळून ती फोन चालू ठेवून भाकऱ्या थापायला जाऊ लागली. दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका एकमेकींच्या बोटांकडे बघत राहायच्या. नानाय "दिरी" म्हणाली की चुकलं, "मौपाय" म्हणाली की जमलं. त्यापुढं भाषेची गरज फारशी पडली नाही. तरी पडत गेली तशी हर्षला एकेक शब्द टिपत गेली. नानायला तिचं नाव काही नीट म्हणता आलं नाही. ती "अर्साला" म्हणायची.

तिसरी चटई झाली तेव्हा घोटाळा उघडकीला आला. समोरासमोर बसून शिकल्यामुळे नानायचा उजवा हात हर्षलाच्या डाव्या हातासमोर येत होता, आणि हर्षला आरशात बघावं तशी नक्कल करत होती. नानायच्या गावातल्या चटईची तिरकी वेल उजवीकडे चढते. हर्षलाची डावीकडे चढली. नानाय खोकला येईपर्यंत हसली. मग तिनं लेकीमार्फत निरोप दिला, की असू दे, शिकलेले हात पुन्हा कोरे होत नाहीत.

हळूहळू चटयांना गिऱ्हाईक लागलं. कुंभिवलीजवळ हायवेला एक मोठं रिसॉर्ट होतं. तिथल्या मॅनेजरनं, स्वप्नीलनं, टेबलावर घालायच्या लहान चटया मागवल्या, मग तो आणखी मागू लागला. बोलणी आणि पोचवणं मेरीच करायची, कारण तिला इंग्रजी येत होतं. हातभार लागावा म्हणून तीही हर्षलाच्या शेजारी बसून विणायला शिकली.

आणि मग हर्षलाच्या लेकीचं, सुरभीचं, लग्न ठरलं, खोपोलीच्या नवनाथशी.

नानायच्या गावात लेकीच्या लग्नाला आई स्वतः चटई विणते आणि तिच्यात नवरानवरीची नावं घालते. मेरीचं लग्न बोटीवर जमलं, तिची चटई राहून गेली. हे नानायनं सांगितलं तेव्हा मेरी उठून आत गेली होती. हर्षलानं त्याच दिवशी मनाशी धरलं, की आपली लेक हळदीला बसेल ती आईच्या हातच्या चटईवर. दिवाळीत कापलेल्या लव्हाळ्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात नितळ काडी तिनं बाजूला काढली. नावांनी तिचा जीव खाल्ला. नवनाथ सरळसोट अक्षरांचा, तो लवकर झाला. सुरभीच्या भ नं तीनदा उसवायला लावलं.

"जावई सोपा निघाला, लेकच अवघड," हर्षला म्हणाली.

"कोनावर गेलीय?" सोनुबाई म्हणाली.

चटई पुरी झाली तेव्हा नानायनं फोनमधून तिच्या कडेवर बोट फिरवल्यासारखं केलं. अक्षरांवरची आडवी रेघ तिला फार आवडली. घराला छप्पर घातलंय म्हणाली.

हळदीला पंधरवडा असताना मेरी म्हणाली, "वयनी, ती मोठी चटई दे ना. रिसॉर्टमध्ये कार्यक्रम आहे, मुंबई-पुण्याचे लोक येनार. फक्त दाखवायला. हळदीआधी आनते मी."

"आई, नको ना," सुरभी म्हणाली.

"अगं काकीच नेते ना, परकी हाय का ती?" हर्षला म्हणाली आणि तिनंच जुन्या लुगड्यात चटई गुंडाळून दिली.

आठवडा गेला. मेरी रोज "उद्या" म्हणत होती. हळद परवावर आली तेव्हा हर्षलानं कुणाला न सांगता खोपोलीची एसटी धरली आणि तिथून रिक्षानं ती कुंभिवलीला उतरली. कार्यक्रम आजच आहे, हे तिला गेटवर कळलं. चपला बघून वॉचमननं तिला स्वयंपाकघराच्या बाजूनं आत सोडलं.

हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर चटई होती. काचेत. आपली लेक दुसऱ्याच्या घरात उभी दिसावी तसं तिला वाटलं. वेल डावीकडे चढत होती, त्यामुळे ओळखायला चुकायचा प्रश्नच नव्हता. पण चटई आखूड दिसत होती. हर्षला जवळ गेली. वरची आणि खालची कड दुमडून चौकटीच्या मागं घातली होती. वर नवनाथ होता, खाली सुरभी.

शेजारी इंग्रजी मजकुराची पाटी. पाण्याचे ग्लास मांडणाऱ्या मुलीला तिनं विचारलं, "बाय, काय लिवलंय गं?"

मुलीनं वाचून मराठीत सांगितलं, "समार बेटावरची पारंपरिक लग्नाची चटई. फिलिपिन्स. विणणार लुर्देस, मारिटेसची आई."

"आनखी?"

"आणखी काही नाही, मावशी."

तेवढ्यात मेरी पुढे आली. खांद्यावर पुठ्ठ्यासारख्या उभ्या बाह्यांचा झगा तिनं घातला होता. असला झगा घरात कुणी कधी पाहिला नव्हता. ती इंग्रजीत आणि मधूनमधून हिंदीत बोलत होती. मेरी माँ, मेरी नानी, उनकी माँ, असं काहीसं. मग तिनं काड्या घेतल्या आणि पाहुण्यांना विणून दाखवायला लागली. हर्षला मागं खांबाला टेकून बघत राहिली. मेरीची बोटं डावीकडे जात होती. आजीपणजीचं म्हणून ती जे दाखवत होती ते दहिवलीच्या पडवीतलं होतं, चुकीसकट.

लोकांनी फोटो काढले. मग मोठ्या पडद्यावर फोन लावला आणि नानाय दिसली. केस तेल लावून चापून बसवलेले, अंगात नवं पोलकं. हर्षलाला एकदम तिला हाक मारावीशी वाटली. कुणीतरी कॅमेरा भिंतीवरच्या चटईकडे फिरवला. नानायनं डोळे बारीक केले आणि मग तिचं सगळं तोंड उजळलं.

"दिरी अकोन इतोन!" ती ओरडली. "कान अर्साला इतोन!"

ही माझी नाही. ही अर्सालाची.

सगळे मेरीकडे बघू लागले. मग हसून तिनं इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली आणि लोक "ओऽऽ" करून टाळ्या वाजवू लागले. ग्लासवाली मुलगी हर्षलाला म्हणाली, "आई म्हणते, तरुणपणी विणलेली चटई बघून डोळे भरून आले."

पडद्यावर नानायही आनंदानं टाळ्या वाजवत होती.

मेरीनं हर्षलाला पाहिलं ते नंतर. मागच्या अंगणात, गॅसच्या टाक्यांजवळ.

"वयनी! तू कशी आली?"

"एसटीनं. सुरभीची चटई काढ भितीवरनं."

मेरीनं उभ्या बाह्या हातानं दाबल्या. "ती नाय निघनार आता. त्यांनी विकत घेतली. मी सांगनार होते तुला, लग्न झाल्यावर."

"लग्नाची चटई लग्न झाल्यावर?"

"आपन नवी करू. मी बसते ना तुझ्यासोबत."

"कशाची करतेस? जा, बांधावर बघून ये. लव्हाळा नाय, ढेकळं हायत तिथं."

मेरी खाली बघू लागली. "त्यांना लांबचं पायजे, वयनी. दहिवलीचं कोन काचेत लावतंय? दहिवली त्यांना गाडीतनं दिसते. बोटीवर मला गळ्यात फुलं घालून हवाईची म्हनून उभी करायचे. मी हवाई बघितलं पन नाय. लोक फोटो काढायचे. असंच असते ते. त्याच्यावरच पोट चालते."

"म्हंजे कसं लागतं ते तुला ठाव व्हतं," हर्षला म्हणाली.

मेरी आत जायला वळली.

"कडा कोनी दुमडल्या?"

"नावं दिसत होती म्हनून..."

"नावांसाठीच व्हती ती. आन् तुजी आयस सांगत व्हती, माजी नाय, अर्सालाची हाय. ते काय सांगितलंस तू लोकांना?"

मेरीनं चमकून वर पाहिलं. "तुला समजलं?"

"फोन डब्याला टेकवून तू भाकऱ्या भाजायला जायचीस. आमी काय तवर मुक्यानं बसायचो?"

इतक्यात मॅनेजर स्वप्नील घाम पुसत बाहेर आला. "मेरी मॅडम, तुम्हाला आत विचारतायत. आणि या मावशी कोण? तुमच्या हेल्पर का?"

हर्षला मेरीच्या तोंडाकडे बघत राहिली. अख्खं गाव हसलं तरी वयनी म्हणायचं जिनं सोडलं नाही, ती आता काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

"हां," मेरी म्हणाली. "हेल्पर."

"चहा घेऊन जा हं मावशी," स्वप्नील म्हणाला. माणूस चांगला होता.

हर्षलानं चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, लग्नघर का हो, हातावर मेंदी दिसते. हर्षला म्हणाली, हो, लेकीचं हाय. आणि खिडकीबाहेर बघत राहिली. चटई गेली हे तिला आता उमगलं होतं. पण त्याहून दुसरंच काहीतरी आत टोचत होतं, त्याला नाव सापडत नव्हतं. चोरानं नेलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या. हे तर तिनं स्वतःच्या हातानं लुगड्यात गुंडाळून दिलं होतं.

घरी तिनं सुरभीला एवढंच सांगितलं, "चटई नाय मिलत." लेकीनं आईचं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मेरी संध्याकाळी परत आली, झगा पिशवीत होता. ती निमूट लसूण सोलायला बसली. कुणीच तिला काही विचारलं नाही. भरल्या लग्नघरात भांडण काढायचं नाही, एवढी रीत हर्षला जाणून होती. मेरीही जाणून होती, म्हणूनच ती आली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचा टेंपो दारात लागला. पोरं बांबू उतरवत होती. हर्षलाचा फोन वाजला. नानाय.

तिनं तेच नवं पोलकं पुन्हा घातलं होतं. हर्षला दिसताच म्हातारी टाळ्या वाजवू लागली. अर्साला, मौपाय, मौपाय! मग हातानं मोठी चौकट काढून दाखवली, भिंत दाखवली, पुष्कळ माणसं दाखवली, आणि पुन्हा टाळ्या. हर्षलाला हळूहळू उलगडलं. नानायला वाटत होतं, की एवढ्या मोठ्या हॉलात, एवढ्या लोकांनी, अर्सालाच्या चटईला टाळ्या दिल्या. आपण ओरडून सांगितलं, लेकीनं ते सगळ्यांना समजावलं. तिला त्याचा कोण आनंद झाला होता.

"काय म्हनते इहीन?" सोनुबाईनं चुलीपासून विचारलं.

खरं सांगण्यापुरते शब्द हर्षलाकडे होते. पण त्या उजळलेल्या तोंडावर ते फेकायला तिचा हात उचलेना. ती उठली, उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या मेरीकडे गेली आणि फोन तिच्यापुढं धरला.

"तुज्या आयशीला तूच सांग."

"काय सांगू, वयनी?"

"काल तिचं बोलनं लोकांना कसं सांगितलंस ते. मला तुमची भाषा येत नाय."

मेरीनं लसणाचे हात साडीला पुसले. तिनं फोन घेतला. पलीकडे नानाय अजून टाळ्या वाजवतच होती.

हर्षला अंगणात उतरली. पोरांनी खांब भलत्याच जागी रोवायला घेतला होता. "अरं, तिथं नाय, तुळशीच्या अंगाला घ्या," ती म्हणाली. तिनं वाकून बांबूचं टोक धरलं. आतून मेरीचा आवाज येत होता, हळू, अडखळत, लांबलचक. थोड्या वेळानं टाळ्या थांबल्या.

"गं हर्षला," सोनुबाईनं विचारलं, "पोरीला हळदीला बसवायला पाट कुठला काढू?"

"माळ्यावरचा मोठा," हर्षला म्हणाली. "थांबा, मीच काढते." पण पोरांनी अजून खड्डा बुजवला नव्हता, म्हणून ती खांब सोडून लगेच गेली नाही.