पहिल्या मापाला लाभ

कळसाडीच्या अंगणवाडीत चेतना चिंचोके मोजायला बसली की "लाभ, दोन, तीन" म्हणायची आणि पोरं हसायची. बाईंनी प्रेमाने सांगितलं, "बेटा, आधी एक." त्या दिवसापासून तिने चिंचोक्यांना हात लावला नाही.

तिच्या आजोबांना, झिपरू पाटलांना, कारण ठाऊक होतं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांची बायको कौसाबाई नातीला तशीच बेरीज शिकवायची. वाटीने ज्वारी या टोपलीतून त्या टोपलीत टाकायची आणि विचारायची, आता किती झाल्या? पोळ्याच्या सुमारास कौसाबाई वारली. आता जूनमध्ये पोरगी शाळेत जाणार होती.

झिपरूंनी ओट्यावर ज्वारीच्या टोपल्या मांडल्या. "म्हन, एक."

"आजी लाभ म्हने."

"शाळामा एक म्हनतस, बेटा."

"मंग आजी खोटी शे का?"

झिपरूंनी टोपलीतली मूठभर ज्वारी उचलली.

"नही वं," ते म्हणाले. "दाना मोजाना तं लाभ. चिंचोका मोजाना तं एक. आजीले दोन्ही येत व्हतं."

चेतनाने विचार केला. "मंग चिंचोका आन ना! ज्वारी काब्र लयना?"

त्यांनी ज्वारी बाजूला सारली आणि डब्यातले चिंचोके आणले. तिने इकडे दोन, तिकडे तीन ठेवले, मग सगळे एकत्र करून बोटाने मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच! आबा, बाईले दखाडसू."

"दखाड," झिपरू म्हणाले.

ज्वारी आत नेऊन ठेवायला ते उठले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.