हीटर : लागू नाही

तहसीनभाईंनी मला सांगितलं होतं. उडत-उडत नाही, फडक्याला हात पुसून, माझ्या कडेवरच्या रेयांशकडे बघत सांगितलं होतं. "बाजी, हीटर का पाइप बंद कर दिया है. पहाड़ पे जाना हो तो पहले बता देना. बच्चा साथ है."

आणि मी हसले होते. "दुबई में हीटर, तहसीनभाई? आप बस एसी का गैस देखो."

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तो मे महिना होता आणि गॅरेजबाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. गाडी आमची दोन हजार अकराची. वेदांग, म्हणजे माझा नवरा, तिला 'क्लासिक' म्हणतो. पायाशी गोडसर वासाचं पाणी साठायला लागलं म्हणून नेली होती. इंजिनचं गरम पाणी ज्या छोट्या डब्यातून फिरतं आणि आत ऊब येते, तो डबाच गळत होता. नवा बसवायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार, आठशे दिरहम. "म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये!" असं मी मोठ्याने म्हणाले, कारण मोठ्याने म्हटल्याशिवाय मला खर्च कळत नाही. त्यापेक्षा दोन नळ्या एकमेकींना जोडून डब्याला कायमची सुट्टी द्यायची, चाळीस दिरहम. खलास. घरी येऊन वेदांगला मी सांगितलं, "गळती बंद झाली." ते खरंच होतं. बाकीचं सांगायचं राहिलं.

मी तशी काही राहू देणारी बाई नाही. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझं नाव शुभ्रा आहे हे फार कमी जणांना माहीत असेल, पण 'ती द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी' म्हटलं की सगळे ओळखतात. त्यात डिसेंबरमध्ये रेयांशची छाती भरली. तीन वर्षांचा जीव, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये. सोडताना डॉक्टर म्हणाल्या, महिनाभर थंड हवेपासून जपा. तेव्हापासून तो झोपला की मी त्याचे श्वास मोजते. घड्याळ लावून, मिनिटभर. वेदांग मला सीसीटीव्ही म्हणतो.

जानेवारीत सासरे आले. अप्पा, विजयकुमार, निफाडच्या शाळेतून भूगोल शिकवून रिटायर झालेले. आठवड्यात मॉल संपले, बीच संपले. अप्पा म्हणाले, "सपाट बघून बघून कंटाळा आला रे. डोंगर नाहीत का तुमच्या देशात?"

"जबल जैस आहे ना," वेदांग म्हणाला. "पहाटे निघू. सूर्योदय बघू, कणसं भाजू, दुपारी घरी."

"तिथे सकाळी तीन-चार डिग्री असतं," मी म्हणाले. आदल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. मी सगळ्याच गावांचं तापमान बघून ठेवते.

"निफाडला पारा चारवर येतो तेव्हा द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, द्राक्षांसाठी," अप्पा म्हणाले. "माणसं बनियनवर असतात."

शेवटी मी अट घातली. रेयांश गाडीतून खाली उतरणार नाही आणि गाडी आतून उबदार राहिली पाहिजे. त्याच्या छातीला वारा लागता कामा नये, बाकी काही का होईना. वेदांग म्हणाला, "मग गाडी तयार करायचं काम तुझं."

हे त्याने म्हणायला नको होतं. मी चार रात्री कॅनडातल्या लोकांचे व्हिडिओ बघितले. जुनी गाडी हिवाळ्यात कशी चालवावी यावर त्या लोकांचा फार अभ्यास आहे. मी एक्सेल शीट केली, तेवीस ओळींची. बॅटरी : नवी टाकली. (आखाती उन्हाळा बॅटरीला मारतो आणि मयत हिवाळ्यात कळतं, हे तहसीनभाईंचंच वाक्य. ते मात्र मी ऐकलं.) वायपरची रबरं उन्हाने पापडासारखी झाली होती, तीही बदलली. गळतीनंतर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं होतं, ते काढून न गोठणारं कूलंट भरलं. टायरची हवा थंडीत कमी होते म्हणून पंपावरच्या माणसाकडून तीनदा मोजून घेतली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, हवा वही है." काचेवरचा बर्फ खरवडायचं प्लास्टिकचं खोरंसुद्धा मागवलं. ते घेऊन आलेला माणूस "साइन कीजिए" म्हणताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

एकोणिसावी ओळ होती हीटर. कॅनडातले लोक म्हणतात, आधी चालू करून बघा. मी पुढे लिहिलं, 'लागू नाही'. का लिहिलं? आमच्याकडे हीटर नाही, मग चालू करून काय बघणार? इतकं शुद्ध तर्कशास्त्र माझ्याकडून पुन्हा होणार नाही. बाकी बावीस ओळींना हिरवी खूण होती. वेदांगला शीट पाठवली. त्याने न उघडता अंगठा दाखवला.

पहाटे सव्वाचारला निघालो. रास अल खैमा मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. चार माणसांचे श्वास आणि थर्मासमधला चहा. वेदांगने हीटरचं बटण लाल टोकापर्यंत फिरवलं. थंड वारा आला.

"हीटर का लागत नाहीये?"

"जुनी गाडी आहे," मी म्हणाले. "वेळ लागतो."

पाच वळणं गेली. "अजून?"

"अजून."

समोरचं दिसेना तेव्हा काच साफ व्हावी म्हणून त्याने एसी लावला. बाहेर पाच डिग्री आणि आत एसी. अप्पांनी मफलर घट्ट केला. "सूनबाई, हे कॅनडात सांगतात का?"

मी रेयांशवर दुसरं ब्लँकेट घातलं. आत स्वेटर, वर जाकीट, त्यावर टोपी. फक्त नाक दिसत होतं. "कोल्ड आहे का रे बाळा?"

"आय कान्ट मूव्ह, मम्मा."

वर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. जिथे शेगड्या पेटवायला परवानगी आहे तिथे पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. वेदांगने घडीची शेगडी मांडली, कोळसे फुलवले, कणसं ठेवली आणि "पाच मिनिटांत आलो" म्हणून मोबाईल घेऊन कड्याकडे गेला, सूर्योदयाचं शूटिंग करायला. अप्पा दोन मिनिटं बाहेर थांबले आणि गाडीत येऊन बसले. निफाडचा माणूस कुडकुडत होता.

रेयांश खोकला. एकदाच. पण तो डिसेंबरचा खोकला होता, मी ओळखते. हात लावून बघितला, नाक बर्फ. डॉक्टर डोळ्यांसमोर आल्या, तीन दिवसांचं ते हॉस्पिटल आलं, आणि वेदांगला आता सांगावं लागणार, 'अरे, हीटर मीच बंद करायला सांगितला होता', हेही आलं. खरं सांगायचं तर ते जरा आधीच आलं.

"अप्पा, इंजिन चालू ठेवलं तरी ऊब येणार नाहीये," मी म्हणाले.

"मग शेगडी आण की आत," अप्पा म्हणाले. "हा झाला तेव्हा तुझ्या खाटेखाली महिनाभर कोण ठेवत होतं? वेदांगच्या आईने शेक दिला म्हणून तुझी कंबर शाबूत आहे."

खरंच होतं ते. निफाडला, बाळंतपणात, खाटेखाली निखारे, त्यावर ओवा आणि वेखंड. काय ऊब होती! रेयांश बोळक्या तोंडाने हसायचा त्या उबेत. मला इतकं बरं वाटलं की मी उठलेच. जाड बुडाच्या पातेल्यात चिमट्याने निखारे भरले. मॅट जळू नये म्हणून मागच्या सीटच्या पायाशी सपाट दगड ठेवला, दगडावर पातेलं. रेयांशचे पाय वर घेतले, ठिणगी उडायला नको. मग चारी काचा नीट बंद केल्या आणि दारं लॉक केली. सुरक्षिततेसाठी.

माझी पदवी बीएस्सी आहे. विषय रसायनशास्त्र. फर्स्ट क्लास.

दोन मिनिटांत गाडी अशी मऊ गरम झाली की अप्पांनी मफलर सोडला. "हे बघ. आठशे दिरहम वाचले."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. काल, चहा करताना, स्वतःशी."

रेयांश झोपला. मी ड्रायव्हरच्या सीटवर मागे वळून बसले आणि घड्याळ लावून श्वास मोजायला घेतले. सत्तावीस. छान. पुन्हा घेतले. बावीसपर्यंत आले आणि पुढचा आकडा सात आला. मला वाटलं, पहाटे उठल्यामुळे होतंय. कपाळ आवळल्यासारखं झालं होतं, पण माझं कपाळ नेहमीच आवळलेलं असतं. अप्पा डोळे मिटून बसले होते, किती छान बसलेत, असं वाटलं. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचीही काळजी वाटत नव्हती, आणि त्याचीही काळजी वाटली नाही.

काचेवर कोणीतरी टकटक केलं.

बाहेर कॉलेजातली एक मुलगी उभी होती, हुडी घातलेली. डॅशबोर्डवरचा गणपती बघून मराठीत बोलली. "आँटी, जंप केबल आहे? पप्पांची गाडी ओल्ड आहे, बॅटरी डेड झालीय."

मी बत्तीस वर्षांची आहे. मी काच दोन बोटं खाली केली. "हळू बोल. बाळ झोपलंय. थंडी आत येते."

ती केबलचं काहीतरी बोलणार होती, पण तिची नजर मागच्या सीटच्या पायाशी गेली. "आँटी, तो चारकोल आहे? आतमध्ये? ओपन द डोअर!"

"अगं, शेक आहे तो..."

"दार उघडा! आत्ताच्या आत्ता!" ती हँडल ओढायला लागली. मी लॉकचं बटण शोधलं. बटण कुठे असतं हे मला माहीत होतं, बोटाला माहीत नव्हतं. ती ओरडत होती, "विंडो तरी खाली घ्या, आँटी, विंडो!" काचेच्या बटणावर माझं बोट होतंच. मी दाबलं. काच खाली गेली, तिचा हात आत आला, कुलपं खटाखट उघडली आणि मागच्या दारातून तिने रेयांशला ब्लँकेटसकट ओढून बाहेर काढलं.

त्याची मान मागे पडली.

ते किती सेकंद होते मला सांगता येणार नाही. मला तेव्हा मोजताच येत नव्हतं. मी गुडघ्यांवर होते, दगडांवर, आणि त्याच्या अंगावरचे ते सगळे कपडे, मीच घातलेले, एकेक करून काढत होते, कारण त्यांच्याखाली त्याची छाती हलतेय की नाही दिसत नव्हतं. चेन अडकली. मी ती दातांनी ओढली.

मग तो खोकला. आणि माझ्या अंगावर ओकला. आणि डोळे न उघडता म्हणाला, "मम्मा, टू कोल्ड."

इतका चांगला गारठा मी कधी खाल्ला नाही. वेदांग धावत आला, त्याने आणि त्या मुलीच्या मित्रांनी अप्पांना धरून बाहेर बसवलं. ॲम्ब्युलन्स त्या मुलीनेच बोलावली. तिचं नाव अस्मी. अजमानला जन्मली, तिथेच वाढली. "स्कूलमध्ये दर विंटरला सांगायचे," ती म्हणाली. "टेंटमध्ये, कारमध्ये चारकोल नाही. तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षाला, कार्बन मोनॉक्साइड, आठ मार्कांना. मी त्यात साडेसात मिळवले होते.

हॉस्पिटलमध्ये तिघांनाही ऑक्सिजन लावला. रेयांशने मास्क लावून "आय ॲम अ पायलट" म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. डॉक्टरांनी विचारलं, निखारे आत कोणी ठेवले? "मी," अप्पा म्हणाले. "मी," मी म्हणाले. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे असं बघितलं की वेदांगला हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी त्याला हीटरचं सगळं सांगून टाकलं. त्याचं हसू थांबलं. त्याने रेयांशच्या पायाचा अंगठा धरला. मग म्हणाला, "मी ती शीट उघडायला हवी होती." यावर भांडता येत नाही, म्हणून मला फारच वाईट वाटलं.

अप्पांना मात्र पटलं नव्हतं. मास्क बाजूला करून ते म्हणाले, "आमच्याकडे जन्मभर खोलीत शेगडी असते. कोण मेलंय?"

"अप्पा, तुमचं ते जुनं घर कौलांचं होतं. कौलांतून हवा जायची. गाडीला काचा असतात."

"हं," अप्पा म्हणाले. मास्क लावला, पुन्हा बाजूला केला. "आणि फ्लॅटला?"

"कुठल्या फ्लॅटला?"

"आमच्या. आता कौलं कुठे आहेत? वेदांगची आई गेल्यापासून मी एकटाच असतो, थंडी वाजते. रात्री कॉटखाली घेतो थोडे निखारे. खिडक्या सरकत्या आहेत, छान घट्ट बसतात."

वेदांगने माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडून शपथ घेतली. रेयांशच्या डोक्यावर हात ठेवायला लावून. तहसीनभाईंनी पुढच्या आठवड्यात डॅशबोर्ड उतरवून हीटर बसवला आणि मला समोर उभं करून तो तीनदा चालू करून दाखवला, ते मला जास्त लागलं. अप्पा चार दिवसांपूर्वी परत गेले.

आज निफाडला पाच डिग्री आहे. संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला तर अप्पा भिंतीला अगदी चिकटून बसले होते, मोबाईल हलवायला तयार नव्हते. "अप्पा, खोली दाखवा." "काय दाखवायचं, पसारा आहे." त्यांच्या एका गालावर तांबूस उजेड पडला होता. मी म्हणाले, "तो लाल उजेड कसला?" ते म्हणाले, "नेटवर्क जातंय," आणि गेले. त्यानंतर तीन वेळा केला, उचलत नाहीत. शेजारचे लग्नाला गेलेत. वेदांग म्हणतो, झोपले असतील. तेच तर.

तुमच्यापैकी कोणी निफाडला राहत असेल, शाळेच्या मागच्या गल्लीत, तर तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार जरा वाजवाल का? ऐकू कमी येतं, जोरात वाजवा. चिडतील, माझी सून वेडी आहे म्हणून सांगतील, भूगोलही शिकवतील. आधी आत जाऊन खिडकी उघडा, मग त्यांचं ऐकून घ्या.