हिरवी फीत

लष्करी इस्पितळात त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत आणि पाठीमागे 'सुरी'. दोन्ही नावं त्यांना आवडत. तीस वर्षं फौजेच्या जखमा शिवून झाल्यावर त्यांना वैद्यकीय खात्याचं सर्वोच्च पद हवं होतं. हवं म्हणजे हवंच. 'मला काय त्याचं' असला साळसूदपणा त्यांना जमत नसे. नवरा तर, बाजारात तुरी असतानाच, सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळा झाला होता.

शिफारस मोठ्या साहेबांच्या हातात होती. ते पाहणीला आले, आणि नेमक्या त्याच दुपारी सीमेवरून जखमींच्या गाड्या आल्या.

इथला रिवाज असा, की दारातच जखम बघून मनगटाला फीत बांधायची. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे त्यानंतर, हिरवी म्हणजे हा थांबू शकतो. पूर्वी वशिल्याने फिती बदलत. म्हणून बाईंनी नियमच घातला होता, ज्याने बांधली त्यानेच सोडायची.

ऑपरेशनचं एकच टेबल रिकामं होतं. लाल फीत होती शत्रूच्या पकडलेल्या शिपायाला. पिवळी होती एका कॅप्टनला, आणि तो साहेबांचा सख्खा जावई.

"बाई, तो शत्रू आहे," साहेब म्हणाले.

"त्याच्या पोटातली गोळी आपली आहे, साहेब."

"माझा जावई ओरडतोय, ऐकू येत नाही?"

"ओरडतोय ना? मग त्याला वेळ आहे. खांदाच मोडलाय. हा बघा, हा गप्प पडलाय."

"फीत बदला. हुकूम आहे. आणि शिफारस अजून माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

बाईंना पद समोरून निघून जाताना स्पष्ट दिसलं. घरी नवऱ्याला आता पुन्हा सगळ्यांना फोन करावे लागणार. मग त्यांना राग आला, चांगला सणसणीत. जन्मभर ज्या नियमासाठी भांडले, तो या माणसाला तासाभरात विकत हवाय!

त्यांनी साहेबांचा हात उचलला, नाडी पाहिली, खिशातून हिरवी फीत काढून मनगटाला बांधली आणि गाठ आवळली.

"नाडी जोरात आहे, पण धोका नाही. तुम्ही थांबू शकता."

नर्सला एकाएकी खोकला आला. बाई आत गेल्या आणि दार लागलं.

बाहेर आल्या तेव्हा अंधारून आलं होतं. शिपाई वाचला होता. साहेब बाकावर बसले होते, फीत तशीच. बाईंची गाठ टाक्याची. ओढावी तशी आवळत जाई. इस्पितळात कात्र्यांना काही तोटा नव्हता, पण एकाही माणसाने पुढे केली नव्हती.

साहेबांनी उठून मनगट पुढे केलं. "सोडा ही. आणि ते पद विसरा."

"पद विसरले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित कापला, तो त्यांनी कापू दिला. "पण फितीला वेळ आहे. आधी जावईबापूंचा खांदा. हिरव्यांचा नंबर शेवटी."

त्या पुन्हा हात धुवायला वळल्या. साहेब पुन्हा बाकावर जाऊन बसले.